आपल्यासारखं ऊन असलेली गावं

तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बागायतदाराच्या हातात द्राक्षाचा घड दिला की त्याचा अंगठा आपोआप मण्यावर जातो. लांबी किती भरली, मणी कडक आहे का, वरची पांढरी लव पुसली तर नाही ना, देठ हिरवा आहे का. एवढं बघून तो दर सांगून मोकळा. थॉमसन, त्यातूनच इथं निवडून काढलेली तास-ए-गणेश, मागून आलेली सोनाका, माणिक चमन, या सगळ्यांमागची मेहनत मणी लांबवण्यात आणि साल पातळ ठेवण्यात गेली. जीएचे, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचे, डिप, विरळणी, गर्डलिंग म्हणजे सालीचं कडं काढणं, सगळं डोळ्यासाठी. या भागात छोटी वाइनरी काढायची म्हटलं की सगळ्यात आधी हा तयार डोळाच आडवा येतो.

कारण वाइनचं द्राक्ष दिसायला गरीब असतं. शिराझ या लाल वाइनच्या जातीचा मणी वाटाण्याहून थोडा मोठा, साल जाड, आत बिया, खाल्लं तर दाताला चिकटणारं. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो, म्हणून मणी जितका लहान तितकी लिटरभर रसामागं साल जास्त. जीएला हात लावायचा नाही. मण्यात पाणी उतरायला लागलं की ड्रिपचा वेळ कमी करायचा. एकरी चार-पाच टनांवर समाधान मानायचं. शेजारच्या मांडवाखाली बारा-पंधरा टन लोंबकळत असताना हे बघवत नाही, हे मान्य.

खतातही तीच गोची. टेबल, म्हणजे खायच्या, द्राक्षाला गोडी आणि वजन यावं म्हणून शेवटच्या महिन्यात पोटॅश सढळ हातानं सोडायची इथं रीत आहे. शून्य-शून्य-पन्नासची पोती बांधावर दिसली नाहीत असा जानेवारी नसतो. वाइनमध्ये हेच पोटॅशियम रसातल्या टार्टारिक आम्लाला धरून खाली बसवतं आणि पीएच, म्हणजे आम्लता उतरली की वाढणारा आकडा, वर चढतो. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ती मुळाकडची वेल, डॉगरिजचा असेल तर तो मुळात पोटॅश जास्त ओढतो. दुष्काळी टापूत डॉगरिज तगतो म्हणून तो सगळीकडे लावला गेला, त्यात कुणाची चूक नाही. पण वाइनसाठी नवी बाग धरायची असेल तर ११० आर या खुंटाचा विचार आधी करावा, आणि पानदेठ तपासल्याशिवाय पोटॅशचं पोतं फोडू नये.

पीएच हा या सगळ्या धंद्यातला सगळ्यात महागडा आकडा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मिरज-पलूस पट्ट्यात दुपारी पारा पस्तिशीकडे जातो. साखर भराभर चढते आणि आम्ल त्याहून भराभर उतरतं. शिराझ २४ ब्रिक्सला, म्हणजे रसात २४ टक्के साखरेला, आली की अंदाजे तेरा टक्के अल्कोहोल मिळणार हे पक्कं, पण तोवर पीएच ३.८ ला गेलेला असू शकतो. वाइन टिकवायला जो गंधकाचा वायू लागतो त्याचं गणित इथं फिरतं. पीएच ३.२ असेल तर मोकळा सल्फर डायऑक्साइड वीस पीपीएम, म्हणजे दहा लाखात वीस भाग, पुरतो. ३.५ ला चाळीस लागतो. ३.८ ला जवळजवळ ऐंशी, आणि तेवढा घातला तर पेला नाकाशी नेताच ठसका लागेल.

गंधक इथं कुणाला नवा नाही. पिवळ्या बेदाण्याला शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, तोच हा वायू. वाइनरीत तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या, म्हणजे केएमएसच्या, पांढऱ्या भुकटीतून येतो. भुकटीच्या वजनात वायू साधारण ५७ टक्के. म्हणून हजार लिटरला पन्नास पीपीएम हवे असतील तर ८७ ग्रॅम मोजायची. अंदाजे मूठ टाकणारा फसतो. मागच्या वर्षीचा उघडा डबा वापरणाराही फसतो, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत केएमएस मरतं आणि काट्यावर वजन मात्र तेवढंच दाखवतं. दर हंगामाला नवं पाकीट घ्यावं.

पीएच खाली आणायचा उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करावा लागतो. लिटरला एक ग्रॅम टार्टारिक आम्ल घातलं की पीएच सुमारे ०.१ नं उतरतो. पोटॅश जास्त असलेल्या रसात त्याहूनही कमी, म्हणून आधी अर्ध्या लिटरवर करून बघायचं. आम्ल आंबवण सुरू होण्यापूर्वी घालायचं. नंतर घातलेलं वेगळं पडतं, जिभेला लिंबू पिळल्यासारखं लागतं.

आता फिरण्याबद्दल. वाइनरी काढायचं डोक्यात आलं की माणसं फ्रान्समधल्या बोर्दोची तिकिटं बघायला लागतात. बोर्दो आहे जवळजवळ ४५ अंश उत्तरेला आणि सांगली १७ च्या आत. तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी एकच, द्राक्ष पिकेल का. आपली काळजी, ते फार लवकर पिकतंय. त्यांचे उपाय आपल्या रोगाला लागू पडत नाहीत. तळघरं बघून यावं, जेवण चांगलं असतं, पण शिकायला जायचं तर आपल्यासारखं ऊन असलेल्या गावाला जावं.

सिसिलीत ऑगस्टच्या उन्हात काही ठिकाणी रात्री दिवे लावून काढणी करतात. ऑस्ट्रेलियात बरोसा खोऱ्यात काढणीची यंत्रं मध्यरात्रीनंतर बागेत शिरतात. का ते आकड्यात सांगता येतं. साखरेचं अल्कोहोल होताना उष्णता बाहेर पडते. ती कुठं जाऊच दिली नाही तर एका ब्रिक्समागं रस सुमारे १.३ अंशानं तापतो. २४ ब्रिक्स म्हणजे तीस अंशांवर. पहाटे पाचला १६ अंशाचं द्राक्ष तोडलं तर निदान सुरुवात सोळाला होते. दुपारी दोनला तोडलं तर बत्तीसला, आणि बत्तीसच्या पुढं यीस्ट गुदमरायला लागतं. ते सोळा अंश फुकट मिळतात. चिलरनं मिळवायचे तर वीजबिल येतं. आपल्याकडे यंत्र नको, डोक्याला बॅटरी बांधलेले दहा मजूर पुरतात, फक्त पायात गमबूट द्यावेत. पहाटेच्या बागेत घोणस असते. क्रेट वीस किलोच्या वर भरू नये, खालचा थर फुटतो आणि रस वाटेतच आंबायला लागतो. नऊ वाजता कात्री खाली.

पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात तर आपल्याला घरी आल्यासारखं वाटावं. तिथं माणसाहून उंच मातीच्या रांजणांत वाइन आंबवायची रीत रोमन काळापासूनची. रांजणाला ते ताल्या म्हणतात. आतून राळेचा लेप, आणि फार तापलं की बाहेरून पाणी मारायचं. आपला माठ पाझरून गार होतो, त्यांचा लेपामुळं पाझरत नाही, म्हणून पाणी बाहेरून. तत्त्व एकच, वाळतं पाणी उष्णता घेऊन जातं. सांगलीच्या फेब्रुवारीत हवा कोरडी असते, त्यामुळं छोट्या टाकीभोवती गोणपाट गुंडाळून वर ठिबक सोडलं आणि समोर पंखा लावला तर चार-पाच अंश पडतात. हजार लिटरपर्यंतच्या टाकीला हे चालतं. पाच हजारच्या टाकीला चालत नाही, कारण आकारमान वाढतं तसा पत्रा त्या मानानं कमी पडतो आणि मधला रस तापलेलाच राहतो. तिथं जॅकेट, म्हणजे टाकीभोवतीचं दुहेरी आवरण, आणि त्यात गार ग्लायकोल फिरवणारा चिलर लागणारच.

चिलर म्हटला की जनरेटर आलाच. आंबवण जोरात असताना चार तास वीज गेली तर पाच हजार लिटरची लाल टाकी हाताबाहेर जाते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वीज कधी जाईल याचा भरवसा गावात कुणी देत नाही. म्हणून सुरुवात करणाऱ्यानं एका मोठ्या टाकीऐवजी लहान चार घ्याव्यात. पंधरा टन द्राक्षाला साधारण दहा हजार लिटर वाइन धरा, टनाला साडेसहाशेच्या आसपास. त्यासाठी दोन हजारच्या चार, हजारच्या दोन, पाचशेच्या दोन, आणि त्यांतली एक तरी तरंगत्या झाकणाची. अर्धी भरलेली बंद टाकी म्हणजे आत अर्धी हवा. पांढरी वाइन आठवड्यात सफरचंदाच्या फोडीसारखी तपकिरी पडते. लाल टाकी मात्र आंबवताना काठोकाठ भरायची नाही, पाऊण भरायची. साली वर येऊन टोपी धरतात आणि ती फुगते.

ही टोपी जवळून बघण्यासारखी असते. पहिल्या दिवसाअखेर साली, बिया आणि फेस मिळून हातभर जाडीचा जांभळा थर रसावर तरंगतो. हात घातला तर वरून कोमट, आत चांगलाच गरम. खालच्या नळाला लावलेला थर्मामीटर २६ दाखवत असताना टोपीच्या पोटात ३३ असू शकतात. तळाच्या आकड्यावर विसंबून झोपणारे इथंच चुकतात. दिवसातून तीनदा टोपी खाली दाबायची, लाकडी नाहीतर स्टीलच्या दांड्यानं, कडेपासून मध्याकडे. एक खेप चुकली की वरचा थर सुकतो, चिलटं बसतात, आणि चिलटांच्या पायांनी व्हिनेगरचे जिवाणू येतात. मग नेलपॉलिशसारखा वास, आणि तो वास परत काढता येत नाही.

यीस्ट घालायचं काम विरजण लावण्यासारखं आहे, आणि विरजणासारखंच ते घाईनं बिघडतं. शंभर लिटरला २० ते २५ ग्रॅम कोरडं यीस्ट. त्याच्या दहापट पाणी, ३८ अंशांचं, म्हणजे मनगटावर जेमतेम कोमट लागेल असं. त्यावर यीस्ट भुरभुरवायचं, पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहायचं नाही, नुसतं ठेवायचं. फेस धरला की टाकीतला गार रस पेला-पेला करत त्यात मिसळायचा. दोन्हींतला फरक दहा अंशांच्या आत आल्यावरच टाकीत ओतायचं. ३८ अंशांचं यीस्ट थेट शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या जातीच्या १२ अंशांच्या रसात टाकलं तर निम्मं तिथंच मरतं, आणि उरलेलं पाच-सहा ब्रिक्सवर येऊन दम टाकतं. थांबलेली टाकी पुन्हा चालू करणं हे नव्यानं करण्याच्या तिप्पट काम. हंगामात एक तरी टाकी थांबते, म्हणून ताजं यीस्ट थोडं जास्त मागवलेलं बरं.

सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरायचं नाही, पण आधी बागेची वही उघडायची. भुरी रोगावर मारलेलं पाण्यात विरघळणारं गंधक काढणीच्या अगदी जवळ पडलं असेल तर यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं. दुसरं कारण नत्राची उपासमार. सुरुवातीच्या दिवसांत वास आला तर हवा देत रस वरून फिरवायचा आणि नत्रासाठी थोडं डीएपी द्यायचं, अन्नप्रतीचं. बांधावरचं खताचं पोतं उचलून आणू नये, असं करणारे निघतात म्हणून लिहिलं. शेवटच्या गंधकाच्या फवारणीपासून काढणीपर्यंत निदान महिना हवा. आणि डावणी रोगावरची औषधं? त्यांचेही काढणीपूर्व दिवस काटेकोर पाळायचे, नाहीतर बुरशीनाशक यीस्टलाही मारतं. यीस्टही बुरशीच की.

धुण्याला या सगळ्याहून जास्त वेळ जातो. काटकसर केली तरी लिटरभर वाइनमागं तीन-चार लिटर पाणी. कॉस्टिक सोडा एक-दोन टक्के, पाणी, मग सायट्रिक आम्ल एक टक्का, पुन्हा पाणी. ब्लीचिंग पावडर आपल्याकडे प्रत्येक टाकीला, प्रत्येक मोरीला लागते; वाइनरीच्या आवारात ती येऊच देऊ नये. क्लोरीन लाकडाला, बुचाला, ओल्या पुठ्ठ्याला लागला की बुरशी त्यातून टीसीए नावाचं कुबट वासाचं रसायन बनवते, आणि मग वाइनला ओल्या गोणपाटाचा वास येतो. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी क्लोरीनचं असेल तर शेवटच्या धुण्याआधी कोळशाचा फिल्टर लावावा.

म्हणूनच दुसऱ्याची वाइनरी बघायला गेल्यावर चाखायच्या खोलीत फार रमू नये. आधी गटार बघावं. फरशीला उतार किती दिलाय, पाणी कुठं साचतं, पाइप भिंतीला टांगलेत की जमिनीवर लोळतायत, तांब्याचं-पितळेचं काही वाइनला लागतंय का, चोथा दुपारपर्यंत कुठं जातो. नाशिकला गंगापूर, दिंडोरी, विंचूर इथं एका फेरीत लहान-मोठ्या सगळ्या आकाराच्या वाइनरी बघून होतात. अकलूजकडची ऊन आणि माती आपल्याला त्याहून जवळची. बंगळूरजवळ नंदी हिल्सचा पायथा उंचीवर आहे, रात्री गार. तिथलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. कामगार टाकीत उतरण्याआधी काय करतात हेही विचारावं. लिटरभर रसातून पन्नास-साठ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो हवेहून जड. आपल्याकडे जुन्या आडात उतरण्याआधी कंदील सोडायची पद्धत होती. टाकीला तेवढ्यावर भागत नाही. पंखा लावून हवा खेळवायची, मीटरनं तपासायचं, आणि बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

परदेशी जायचं कधी, हाच खरा पेच. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाची काढणी फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे नेमकी आपल्या काढणीवर. युरोपची सप्टेंबर-ऑक्टोबरला, नेमकी आपल्या फळछाटणीवर आणि डावणीच्या पावसावर. दोन्ही वेळेला मालक गावात नसला तर वर्ष गेलं. उरतात ते खरडछाटणी उरकल्यानंतरचे जून-जुलै. त्या वेळी तिकडं काढणी दिसत नाही, पण तळघरातली माणसं मोकळी असतात आणि बोलतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशला जुलैत छाटणी चालू असते. शेनिन ब्लांक त्या देशातली सगळ्यात जास्त लावलेली जात, आणि उन्हातही ती आम्ल धरून ठेवते, त्याच गुणावर ती महाराष्ट्रात रुजली. तिथल्या मांडव नसलेल्या, झुडपासारख्या जुन्या वेली जमिनीलगत कशा छाटतात ते बघण्यासारखं आहे. येताना छाटलेली काडी खिशात घालून आणायचा मोह होतो. आणू नये. फायलोक्सेरा फ्रान्समध्ये १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या वेलींवरूनच शिरला आणि युरोपभरच्या बागा गेल्या. बूटही धुऊन यावेत. बाटल्या मात्र आणाव्यात. माणशी दोन लिटरपर्यंत सीमाशुल्क लागत नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन.

कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो हे तर बेदाण्याचं गाव. तिथं थॉमसनला तीन वाटांचं द्राक्ष म्हणत आलेत: खायला, वाळवायला, वाइनला. बेदाण्याचे दर पडले की माल वाइनकडे वळायचा. हे ऐकून तासगावच्या सौद्यात दर पडलेल्या वर्षी कुणीतरी म्हणतंच, उरलेल्या मालाची वाइन करू. करता येते. पण थॉमसनला स्वतःचा वास जवळजवळ नाही, त्यातून जीएचा माल. ती वाइन दुसऱ्यात मिसळायला किंवा ब्रँडी गाळायला जाते, नाव लावून बाटलीत विकायला नाही. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा, त्याला भौगोलिक मानांकन, त्याला ठरलेला बाजार. तो मार्ग सोडून थॉमसनची वाइन करण्यात शहाणपण दिसत नाही.

पैशांचं थोडक्यात. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क आले, बऱ्याच जणांनी करारावर वाइनच्या जाती लावल्या, आणि २००८-०९ च्या मंदीत माल टाक्यांतच राहिला. बागा निघाल्या, नाहीतर त्यांवर पुन्हा टेबलच्या जातींची कलमं झाली. ती आठवण अजून ताजी आहे, म्हणून करार करताना शेतकरी आधी उचल मागतो, आणि बरोबरच मागतो. वाइन जीएसटीच्या बाहेर असल्यामुळं बाटली, लेबल, खोकी, यंत्रं यांवर भरलेला जीएसटी वजावटीला मिळत नाही. प्रकल्प अहवालात ही ओळ हमखास राहून जाते. दुसऱ्या राज्यात विकायचं तर तिथली लेबल नोंदणी वेगळी, परवाना वेगळा. पहिली तीन वर्षं आपल्या जिल्ह्यात, पुण्यात आणि दारातच विकायची तयारी ठेवावी.

बाटली भरली तरी ऊन पाठ सोडत नाही. वीस अंशांना भरलेली बाटली चाळीसला गेली की आतली वाइन पाचेक मिली फुगते, बूच वर सरकतं, आणि गार झाल्यावर त्याच फटीतून हवा आत जाते. एप्रिलच्या दुपारी पलूसहून पुण्याला निघालेल्या पत्र्याच्या टेम्पोत कराडच्या पुढं हेच होतं. स्क्रू-कॅप घेतलं तर निदान बूच सरकत नाही, चव मात्र शिजतेच. म्हणून माल रात्री दहानंतर भरावा, खोकी मधल्या भागात, वर ताडपत्रीखाली ओली गोणपाटं, आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावं की खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबलास तरी चालेल, पण उजाडायच्या आत गोदामाचं शटर उघडलेलं पाहिजे.